आपल्याकडे बर्फ कुठे पडतो?

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. अब्बांना कोल्हापूरला हृदयाच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. दुपारी दोनची वेळ मिळाली होती. रत्नागिरीकरांना हे वेगळं सांगायला नको. दुखणं जरा गंभीर निघालं की आपण कोल्हापूरची नाहीतर मिरजेची वाट धरतो. सकाळी साडेनऊला मांडवीतून निघालो. धाकटा भाऊ गाडी चालवत होता, शेजारी मी, मागे अब्बा, अम्मी आणि भावजय. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा, सगळं सुरळीत पार पडलं. अब्बांना उकाडा सोसत नाही म्हणून एसी चालू होता. आंबा घाट चढायला लागलो आणि काही वळणं गेल्यावर भाऊ म्हणाला, "आपा, काटा वर चाललाय."

"जागा बघून थांबव," मी म्हटलं. त्याला वाटलं, एवढा घाट चढून जाऊ, वर आंब्याला पोहोचल्यावर थांबू. आणखी दोन-तीन वळणं झाली असतील. बॉनेटच्या कडेने वाफ यायला लागली आणि गाडीने दम सोडला.

भाऊ उतरला, हाताला टॉवेल गुंडाळला आणि रेडिएटरचं झाकण उघडायला वाकला. तेवढ्यात खालून येणाऱ्या एका ट्रकचा ड्रायव्हर ओरडला, "अहो दादा, हात लावू नका! तोंड भाजून घ्याल!" तो माणूस ट्रक बाजूला घेऊन खाली उतरला, भावाला मागे ओढलं आणि म्हणाला, "पाऊण तास कशालाही हात लावू नका. थंड होऊ दे." अब्बा रस्त्याकडेच्या दगडावर सावली बघून बसले होते, एक हात छातीवर. त्या पाऊण तासात माझ्या मनात काय काय आलं ते इथे लिहीत नाही.

शेवटी कोल्हापूरला जाणारी एसटी हात दाखवून थांबवली. कंडक्टरने अब्बांना पुढची सीट करून दिली. अम्मी आणि मी त्यांच्याबरोबर गेलो, भाऊ आणि भावजय गाडीपाशी थांबले. आम्ही पोहोचलो तेव्हा डॉक्टर निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अब्बांना तपासलं. अल्हम्दुलिल्लाह, अब्बा आज ठीक आहेत. पण वेळ वेगळी असती तर? हा प्रश्न वर्षभर माझा पिच्छा सोडत नाही, म्हणून हा लेख.

गाडी टोचन लावून मलकापूरला नेली. तिथल्या मेस्त्रीने रेडिएटर मोकळा केला तेव्हा आतून विटकरी रंगाचं गढूळ पाणी आलं. थर्मोस्टॅट गंजून अडकला होता, रेडिएटरच्या अर्ध्याअधिक नळ्या गाळाने बंद होत्या, हेड गॅसकेट उडालं होतं. त्याने एकच प्रश्न विचारला, "यात कूलंट कधी घातलं होतं?"

भावाने मान खाली घातली. दोन वर्षांपूर्वी एक होज पाइप फुटला म्हणून बदलून घेतला होता. तेव्हा गॅरेजवाल्याने आम्हाला समजावलं होतं, "ते अँटीफ्रीझ थंड मुलखातल्या गाड्यांना लागतं. आपल्याकडे बर्फ कुठे पडतो? पाणी भरा, पळेल." आम्हालाही ते पटलं होतं. चार-पाचशे रुपये वाचले म्हणून बरंच वाटलं होतं. त्यानंतर टाकीतली पातळी खाली गेली की घराशेजारच्या विहिरीचं पाणी ओतायचं, हा आमचा शिरस्ता झाला. वाचवलेल्या त्या चार-पाचशे रुपयांच्या बदल्यात इंजिनकामाचं बिल हजारांत आलं. त्यात आमच्या अब्बांचा तो दगडावरचा पाऊण तास धरलेला नाही.

मला त्या गॅरेजवाल्याला दोष देऊन मोकळं व्हायचं नाही. "आपल्याकडे बर्फ कुठे पडतो?" हे वाक्य त्याच्या एकट्याचं नव्हे. त्यानंतर मी ज्यांना ज्यांना विचारलं, शाळेतले सहकारी, शेजारी, नातेवाईक, त्यातल्या बहुतेकांनी मला हेच वाक्य ऐकवलं. आमच्याच गल्लीत पाच-सहा गाड्या अशा निघाल्या ज्यांच्या टाकीत नुसतं पाणी आहे. चूक एका माणसाची असती तर मी लिहिलंच नसतं. ही आपल्या सगळ्यांची समजूत आहे, आणि ती चुकीची आहे.

मी भाषा शिकवते, इंजिन नाही. पण इथे घोळ मुळात भाषेचाच आहे. अँटीफ्रीझ म्हणजे गोठू न देणारं. हे नाव थंड देशांनी ठेवलं, कारण त्यांचा पहिला त्रास तो होता. हिवाळ्याच्या रात्री इंजिनातलं पाणी गोठायचं, फुगायचं आणि लोखंडाचा ब्लॉक तडकायचा. त्यावर उपाय म्हणून पाण्यात इथिलीन ग्लायकॉल नावाचं रसायन मिसळायला लागले. पाणी शून्य अंशाला गोठतं; निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असेल तर ते उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं. लेह-कारगिलकडे गाडी चालवणाऱ्याला याची गरज आहे, आपल्याला नाही, हे शंभर टक्के कबूल. पण त्या द्रवाच्या अंगात आणखी दोन गुण आहेत, आणि ते नावात आलेले नाहीत. आपण नाव वाचलं आणि वस्तू नाकारली.

पहिला गुण उकळण्याचा. हा समजायला आपलं स्वयंपाकघर पुरे आहे. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं. कुकरचं झाकण लावलं की आत दाब वाढतो आणि तेच पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. रेडिएटरचं झाकण हे कुकरचंच झाकण आहे. ते दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी १०० च्या वर गेलं तरी उकळत नाही. त्या पाण्यात निम्मं ग्लायकॉल असेल तर उकळण्याची हद्द आणखी वर, जवळपास १२९ अंशांपर्यंत जाते. चालू गाडीत हा द्रव साधारण ९० अंशांच्या आसपास फिरत असतो. भर उन्हात, पाच माणसं घेऊन, एसी लावून, दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढताना तो त्याच्या कितीतरी वर जातो. त्या वेळी हे आठ-नऊ अंश म्हणजे गाडी वर पोहोचणं किंवा वळणावर वाफ सोडत उभं राहणं, एवढा फरक असतो.

माझे एक मामू पंचवीस वर्षं कुवेतला ड्रायव्हर होते. त्यांना मी हा किस्सा सांगितला तेव्हा ते हसले नाहीत, चिडले. "अगं, कुवेतला बर्फ पडतो का? तिथे आम्ही कूलंटशिवाय गाडी बाहेर काढत नव्हतो." त्यांचं म्हणणं खरं आहे. कुवेतमधल्या मित्रीबा इथे २०१६ च्या जुलैत ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं. पृथ्वीवरच्या सर्वाधिक तापमानांच्या मान्य नोंदींत ती एक आहे. तिथल्या गाड्यांत तोच द्रव असतो, त्याच बाटलीतला. आपल्या घरोघरी आखातात राहून आलेली माणसं आहेत. त्यांनी तिथे जे डोळ्यांनी पाहिलं, हातांनी केलं, ते गावी परतल्यावर कुणी त्यांना विचारतच नाही.

दुसरा गुण गंज न येऊ देण्याचा, आणि माझ्या मते कोकणासाठी हाच जास्त मोलाचा. कूलंटमध्ये गंजरोधक रसायनं असतात. ती इंजिनाच्या आतल्या धातूवर संरक्षक थर धरतात. नुसत्या पाण्यात ती नसतात. लोक म्हणतात, "आमच्या वडिलांच्या अँबेसेडरमध्ये जन्मभर पाणीच होतं." असेल. त्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे, जाड नळ्यांचे. गाळ साचला तर मेस्त्री उघडून, दांडी घालून साफ करून, पुन्हा डाग देऊन बसवायचा. आजचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे असतात, नळ्या बारीक, वरच्या-खालच्या टाक्या प्लास्टिकच्या. ॲल्युमिनियमला खारं पाणी अजिबात सोसत नाही. आणि समुद्राकाठच्या आपल्या विहिरींचं पाणी एप्रिल-मे आला की कसं लागतं हे मांडवीत कुणाला सांगावं? जे पाणी चहाला चालत नाही म्हणून आपण तोंड वाकडं करतो, तेच आम्ही दोन वर्षं गाडीला पाजत होतो.

मला लहानपणची एसटी आठवते. घाट चढून वर आली की ड्रायव्हर थांबायचा, बॉनेट उघडायचा, कंडक्टर डब्यातून पाणी आणायचा, आणि आम्ही मुलं खिडकीतून ती वाफ बघायचो. आपल्या मनात बसलेलं चित्र तेच आहे: गाडी तापली, पाणी ओतलं, चालायला लागली. ते त्या काळच्या इंजिनाला चालून गेलं. इंजिन बदललं, चित्र बदललं नाही.

आता कुणी म्हणेल, गाडीची देखभाल हा काय लेखाचा विषय? मला वाटतं आहे, आणि त्याचं उत्तर मांडवीच्या शेजारीच, मिरकरवाड्याच्या बंदरात आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत तिथे जाऊन बघा. लाँचची इंजिनं उघडलेली असतात, पंप काढून साफ केलेले असतात, पाइप बदललेले असतात. मोठ्या लाँचवर समुद्राचं पाणी बाहेरून गारवा देण्यापुरतं फिरवतात. इंजिनाच्या आत फिरणारं पाणी वेगळं, गोडं ठेवतात. चारी बाजूंनी फुकट पाणी असलेला माणूस ते सरळ इंजिनात घालत नाही, आणि जमिनीवरचे आपण मात्र हाताला येईल ते पाणी ओततो. तांडेलाला माहीत असतं की भर समुद्रात इंजिन तापलं तर बाजूला घ्यायला रस्ता नाही. म्हणून तो ऋतू बदलताना इंजिनाकडे बघतो. आपल्याला वाटतं, आपण रस्त्यावर आहोत, कुणीतरी भेटेल. आम्हाला भेटला, खरंय. तो ट्रकवाला रोज त्या वळणावर नसतो.

तेव्हा मिरकरवाड्याचा तो नियम आपणही उचलावा असं माझं म्हणणं आहे. वर्षातून तीनदा, ऋतू पालटताना, दहा मिनिटं द्यायची.

पहिली वेळ मार्चअखेर, उन्हाळा आणि सुट्टीचे प्रवास सुरू होण्याआधी. सकाळी, रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेट उघडा. पारदर्शक प्लास्टिकची एक लहान टाकी दिसेल, तिच्यावर कमी आणि जास्त अशा दोन खुणा असतात. द्रव त्या दोहोंमध्ये हवा. रंग स्वच्छ हिरवा, लाल, गुलाबी किंवा निळा, जो असेल तो. विटकरी किंवा चहासारखा दिसला तर समजा की आत गंज आहे. होज पाइप दाबून बघा. टणक आणि तडे गेलेला किंवा फुगून लिबलिबीत झालेला असेल तर बदला. कूलंट कधी भरलं होतं ते आठवत नसेल तर ते बदलायची वेळ झालीच आहे असं धरा. त्यातली गंजरोधक रसायनं झिजत जातात. जुन्या पद्धतीचं कूलंट साधारण दोन वर्षं टिकतं, नव्या प्रकारचं पाचपर्यंत. कुठलं घालायचं ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. रंग बघून ठरवू नका, रंग कंपनीगणिक बदलतात, आणि दोन जातींची कूलंटं एकत्र झाली तर एकमेकांचे गुण मारू शकतात. बाटली तयार मिश्रणाची असेल तर तशीच ओता. घट्ट अर्क असेल तर त्यात डिस्टिल्ड वॉटर मिसळा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो तेच. आणि जास्त घातलं म्हणजे जास्त चांगलं असंही नाही. पाण्याइतकी उष्णता ग्लायकॉल वाहून नेत नाही, म्हणून नुसता अर्क भरला तर गाडी उलट जास्त तापते.

दुसरी वेळ पावसाच्या तोंडावर, मेच्या अखेरीस. रेडिएटर पुढून बघा. खाऱ्या वाऱ्यात आणि वाळूत उभ्या राहणाऱ्या आपल्या गाड्यांच्या जाळीत मीठ, वाळू, पाचोळा, किडे सगळं अडकतं. गार गाडीवर साध्या नळीने, हलक्या धारेने धुवा. सर्व्हिसिंगची जोराची धार मारली तर नाजूक पाती वाकतात आणि वारा जायची वाट बंद होते. पावसात गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर अधूनमधून बॉनेट उघडा. उंदरांना तिथली ऊब आवडते, आणि पाइपही.

तिसरी वेळ ऑक्टोबरच्या उकाड्यात, पाऊस सरल्यावर. पंखा लागतो का, पंपाखाली ओल आहे का, टाकीतली पातळी मेपासून किती उतरली, हे बघा. कुठेच गळत नाही आणि तरी पातळी उतरते, किंवा ऑइलच्या झाकणाला आतून दुधट लोणी दिसतं, तर पाणी आत जातंय. त्या दिवशी लांबचा प्रवास करू नका, मेस्त्री गाठा. आणि गणपतीत मुंबईहून येणाऱ्यांनी हे निघण्यापूर्वी तिकडेच बघावं. महामार्गावरच्या कोंडीत गाडी तासन्‌तास इंच इंच सरकते तेव्हा समोरून वारा येत नाही, सगळा भार एका पंख्यावर असतो, आणि पुढे कशेडी, भोस्ते, परशुराम आहेतच.

एवढं करूनही काटा चढलाच, किंवा काटा नसलेल्या नव्या गाड्यांत लाल दिवा लागला, तर काय? एसी लगेच बंद करा. हीटर पूर्ण उघडा. घामाघूम व्हाल, पण इंजिनाची बरीच उष्णता त्या वाटेने बाहेर येते. पहिली सुरक्षित जागा दिसली की थांबा, "वर जाऊन थांबू" म्हणू नका. आमचं गॅसकेट त्या तीन वळणांत गेलं. झाकणाला हात लावू नका. दाब सुटला की उकळतं पाणी कारंज्यासारखं उडतं, टॉवेल त्याला अडवत नाही. बंद गाडीचा पंखाही अचानक फिरू शकतो, बोटं लांब ठेवा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, धातू तडकतो. पूर्ण गार झाल्यावर, जवळ दुसरं काही नसेल तर साधं पाणी भरा. हो, अडचणीत पाणी चालतं. मुक्कामाला पोहोचल्यावर ते काढून टाकायचं, एवढं लक्षात ठेवा. माझा आक्षेप अडचणीतल्या पाण्याला नाही, अडचणीच्या पाण्याचा नियम करण्याला आहे.

आणि एक इशारा, विशेषतः लहान मुलं आणि मांजरं असलेल्या घरांना, म्हणजे आपल्या जवळजवळ सगळ्याच घरांना. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि जहर असतं. थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. उरलेलं कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नका. अंगणात सांडलं तर लगेच धुऊन पुसून घ्या. जुनं काढलेलं गटारात, विहिरीकाठी किंवा पुळणीवर ओतू नका, गॅरेजमध्येच सोडा. आणि मूल ते प्यायलं अशी नुसती शंका आली तरी वाट न बघता बाटलीसकट दवाखाना गाठा.

हे सगळं मला पंचेचाळिशीत, एवढं सगळं घडून गेल्यावर कळलं. गाडी मी सात वर्षं चालवते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मला हाफ क्लच शिकवला, रिव्हर्स शिकवला, चिन्हं पाठ करून घेतली. बॉनेट एकदाही उघडून दाखवलं नाही. मी विचारलंही नाही, कारण ते आपलं काम नाही असं मलाही वाटत होतं. आमच्याकडे कितीतरी घरांत गाडीचा मालक परदेशात असतो. मुलांना शाळेत, सासूला दवाखान्यात, सामान बाजारातून, ही सगळी गाडी घरची बाई चालवते, आणि तिला पेट्रोलच्या काट्यापलीकडे कुणी काही सांगितलेलं नसतं. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी अर्धा तास याला द्यावा, ही माझी साधी मागणी आहे. त्यांनी दिला नाही तर तुम्ही आग्रहाने मागा. पैसे तुम्ही भरलेले असतात.

मला आणखी एक खटकलं ते असं. वर्गात मूल "असं का?" विचारतं तेव्हा मला आनंद होतो. त्या दिवशी गॅरेजमध्ये "आपल्याकडे बर्फ कुठे पडतो?" हे ऐकल्यावर मी "मग कंपनीने ते गाडीत घालून का दिलं होतं?" एवढा एक प्रश्न विचारला असता, तर पुढचं काही घडलं नसतं. उत्तर सोयीचं होतं, स्वस्त होतं, म्हणून मी गप्प बसले.

येत्या रविवारी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, बॉनेट उघडून ती छोटी टाकी एकदा बघा. शक्य असेल तर घरातल्या मुलीला आणि मुलाला शेजारी उभं करून बघा. आणि कुणी बर्फाचं विचारलंच तर त्याला मामूंचा प्रश्न विचारा: कुवेतला तरी कुठे पडतो?